दोनशे सत्त्याण्णवचा सुळका

"विभा, इकडं ये आधी! हे बघ काय उभं राहिलंय!"

हेमांगी ओरडली तेव्हा मी प्रयोगशाळेच्या दुसऱ्या टोकाला नायट्रोजनचा सिलिंडर बदलत होते. हातातला पाना टेबलावर टाकून धावले. पडद्यावर एक सुळका उभा होता, इतका उंच की बाकीचे सगळे त्याच्या पायाशी बसल्यासारखे वाटत होते. खाली आकडा होता दोनशे सत्त्याण्णव.

"हा नमुना कुठला?" मी विचारलं.

"माझी खपली! जतकडची, जुन्या गव्हाची जात. जिचं पीठ महिना महिना खवट होत नाही म्हणतात ना, तीच."

आमचं केंद्र सांगलीच्या बाहेर, उसाच्या फडांच्या मधोमध. गहू, ज्वारी, बाजरी यांच्या दाण्यात तेलाचा जो थोडासा अंश असतो तो कुठल्या प्रकारचा आणि त्यानं पीठ लवकर का बिघडतं, हे आम्ही शोधत होतो. त्यासाठी नवंकोरं मास स्पेक्ट्रोमीटर आलं होतं. पाहुणे आले की मी सांगायची, हा रेणूंचा तराजू आहे. दाणे दळायचे, पिठातलं तेल द्रावकात उतरवायचं, त्यातला थेंब यंत्रात सोडायचा, की यंत्र एकेका रेणूचं वजन सांगतं. जेवढा माल जास्त तेवढा सुळका उंच.

ते यंत्र माझ्या ताब्यात होतं, पण कायमचं नव्हे. ते माझ्याकडेच राहायचं की डॉ. खोतांकडे जायचं, हे आमचे संचालक डॉ. गद्रे वर्षअखेर ठरवणार होते. खोत अधूनमधून यायचे आणि मुलगी पाहायला आल्यासारखे यंत्राभोवती फिरून जायचे. या कामात हुशारी थोडी कमी असली तरी चालते, हात मात्र स्वच्छ लागतो. बाटलीला बोट लागलं तरी यंत्र ते बोट वाचतं. 'विभावरी साठ्येंचा हात स्वच्छ आहे' एवढं एक वाक्य मी नोकरीत कमावलं होतं, आणि ते गेलं असतं तर यंत्रही गेलं असतं.

हेमांगी बिरनाळे गव्हाच्या जुन्या जाती गोळा करायची. ती उन्हातान्हात गावं पालथी घालायची आणि मी वातानुकूलित खोलीत बसून तिचे दाणे दळायची. एम. एस्सी.पासूनची आमची मैत्री. दुपारी डबे उघडले की तिची भाकरी माझ्या ताटलीत आणि माझी पोळी तिच्या, असं इतकी वर्षं चाललं होतं की कुणाच्या घरचं मीठ कुणी खाल्लं याचा हिशेब उरला नव्हता.

मी कपाटातून ओळखीच्या नमुन्यांची पेटी काढली, ताडून पाहिलं आणि हसू आलं.

"हेमांगी, हे रिसिनोलिक आम्ल आहे. एरंडेलात दुसरं काही नसतंच म्हण ना. या गव्हाला कुणी तेल लावून ठेवलं नव्हतं ना?"

आपल्याकडे हा प्रश्न कुणीही विचारेल. वर्षाचा गहू भरायचा तर उन्हात घालायचा, तळहातावर एरंडेल घेऊन दाण्यांना चोळायचं, मग पिंपात भरायचा. कीड लागत नाही. माझी आई असंच करायची, तिचीही करत असणार.

"अगं, वेड लागलंय का तुला?" हेमांगीही हसली. "खळ्यावरून उचललाय मी. माझ्यादेखत मळणी झाली. नंतर खपली कांडायला नेली, तिथंसुद्धा मशीनपाशी उभी होते. डोक्यात सगळा भुसा घेऊन घरी आले. तेल कोण लावतंय तिथं?"

"नक्की?"

"आता शपथ घालतेस का?"

मी शपथ घातली नाही. नुसता द्रावक यंत्रातून चालवून पाहिला, तो कोरा निघाला. त्याच दिवशी, त्याच हातांनी दळलेले बाकीचे गहू पाहिले, त्यांत दोनशे सत्त्याण्णव नावालाही नव्हतं. फक्त हेमांगीच्या खपलीत. दळण्याआधी दाणे बाहेरून धुऊन पाहावेत, ही एक पायरी उरली होती. पण बाहेरून काही लागलेलं नाही हे तिनं सांगितलंच होतं, मग धुवायचं तरी कशाला?

डॉ. गद्रे हे बातमी पोटात ठेवणारे गृहस्थ नव्हते. त्यांनी आमच्या दोघींच्या पाठीवर थाप मारली, पेढे मागवले आणि आठवड्याच्या आत वर्तमानपत्रात आमचा फोटो आला. एरंडाशी काडीचं नातं नसलेला गहू आपल्याच दाण्यात एरंडेलाचं आम्ल तयार करतो आणि त्यामुळेच त्याचं पीठ टिकतं, असा आमचा शोध. फोटोत हेमांगीनं मूठभर खपली धरली होती आणि मी यंत्रावर हात ठेवला होता. खोतांनी माझं अभिनंदन केलं तेव्हा त्यांचं तोंड कारल्याची भाजी खाल्ल्यासारखं झालं होतं. खरं सांगते, मला फार बरं वाटलं.

मग एका शुक्रवारी गद्रेसाहेबांना फोन आला. राज्याच्या सीमेपलीकडच्या एका प्रयोगशाळेनं जतच्याच शेतकऱ्यांकडून खपली घेतली होती, आमच्यासारखीच तपासली होती आणि त्यांना काहीच सापडलं नव्हतं. दोनशे सत्त्याण्णवच्या जागी सपाट रेघ.

गद्रे माझ्या खोलीत आले. नेहमीसारखे खुर्ची ओढून बसले नाहीत, दारातच उभे राहिले.

"साठ्ये, पेपरात छापून आलंय ते. वर मंत्रालयापर्यंत गेलंय. सोमवारी बसू या. चूक कुठं झाली आणि कुणाकडून झाली, मला दोन्ही हवंय."

"चूक झालीये असंच धरून चालायचं का सर?"

"तुम्ही सांगा ना," ते म्हणाले आणि निघून गेले.

शनिवारी मी हेमांगीच्या घरी गेले. दोघींनी बसून पहिल्यापासून सगळं तपासावं असा विचार होता. ती मुलीला घेऊन बाजारात गेली होती. तिच्या सासूबाई, आम्ही सगळे त्यांना आक्का म्हणायचो, अंगणात उन्हात चटई टाकून तूरडाळ निवडत बसल्या होत्या.

"ये की गं, विभा. वाळलीस किती! बस हितं. येतीलच त्या दोघी."

मी बसले आणि हात रिकामा कशाला म्हणून सुपात घातला. आक्कांना बोलायला माणूस लागायचं. त्यांनी फोटोची गोष्ट काढली.

"पेपर ठेवलाय म्या कापून. आमच्या घरची खपली पेपरात आली म्हणून समद्या गल्लीला दावला."

"घरची?"

"मग? पिंपातली न्हेली की हिनं. तो जतचा पाटील आमाला दरसाल घालतोय गहू. औंदा ही गेली तवर त्यानं समदा इकून टाकलेला. आली मोकळ्या हातानं, तोंड एवढंसं करून. म्या म्हटलं, अगं त्याचीच खपली हाय आपल्या पिंपात, तीच न्हे. दाणा त्योच की."

माझा हात सुपात तसाच राहिला.

"आक्का, तिला तेल लावलं होतं का?"

"न लावून कसं चालंल? एरंडेल चोळूनच भरतोय आमी. म्या हिला म्हटलंबी, पुसून न्हे गं बाई, तुमी मोठी मानसं, हात चिकट व्हतील. तर म्हनली, काय व्हत न्हाई आक्का." त्या हसल्या. "च्या टाकू का?"

मी चहा नको म्हणाले. डोकं दुखतंय असं सांगून उठले आणि स्कूटर कशी चालवत घरी आले ते मला सांगता येणार नाही.

आधी मला राग आला. असा राग की स्वयंपाकघरात उभी राहून मी मोठ्यानं तिच्याशी भांडले. खळ्यावरून उचललाय! डोक्यात भुसा! किती बारकाईनं रंगवलं होतं तिनं! पण संध्याकाळ झाली तसा राग खाली बसायला लागला. काय झालं असेल ते मला दिसत होतं. मी हसत विचारलं, ती हसत खोटं बोलली. तेव्हा तिला ते खोटंही वाटलं नसेल. मग पेढे आले, फोटो आला, आणि तोंड उघडायची वेळ निघून गेली.

आणि माझ्या आजारपणात मला धुणारी-पुसणारी बाई तीच होती. मला टायफॉइड झाला तेव्हा नवरा परगावी, आई अंथरुणाला. हेमांगी रोज यायची. तापानंतर माझे केस मुठीमुठीनं गळायला लागले. मी आरसा उलटा करून ठेवला होता. ती मागं बसून विंचरायची आणि फणीत आलेले केस मला दिसू नयेत म्हणून मुठीत लपवायची. टाळू दिसायला लागली तशी तिनं आक्कांकडून एरंडेलाची बाटली आणली आणि स्वतःच्या हातानं चोळली. रविवारी तेल लावायचं आणि सोमवारी सकाळी शिकेकाईनं धुवायचं, हा नेम मी पुढंही सोडला नाही. मला टक्कल पडत होतं हे घराबाहेर फक्त तिला माहीत होतं.

तेव्हा मी ठरवलं. तिचं नाव घ्यायचं नाही. दाण्यांवर बाहेरून तेल होतं, मळणीनंतर कुठंतरी लागलं असेल, आणि दळण्याआधी दाणे धुणं हे माझं काम होतं, ते मी केलं नाही, असं सांगायचं. यातलं शेवटचं तर खरंच होतं. यंत्र खोतांकडे जाईल. जाऊ दे. तिची नोकरी जाण्यापेक्षा बरं.

रविवारी मी केंद्रावर गेले. बियाणे भांडारातल्या माणसाला बोलावून हेमांगीनं स्वतः लाख लावून बंद केलेली उरलेल्या खपलीची पिशवी उघडायला लावली. दाणे नुसते द्रावकात हलवून काढले आणि तो द्रावक यंत्रात सोडला. दोनशे सत्त्याण्णव छताला टेकलं. मग तेच धुतलेले दाणे दळले. काही नाही, सपाट रेघ. सगळं एरंडेल सालीवर होतं, आत दाणा बिचारा साधा गहू होता. दोन्ही कागद मी माझ्या खांद्याच्या पिशवीत घातले.

सोमवारी बैठकीआधी आम्ही चहाला उभ्या होतो. मी तिला बोलायला वाट करून दिली.

"हेमांगी, तुला मला काही सांगायचंय का?"

तिनं कपातच पाहिलं. "मी काय सांगणार? मला त्या यंत्रातलं काय कळतंय?" मग माझ्या खांद्यावरची ओढणी नीट केली. "घाबरू नकोस गं. होईल सगळं नीट."

गद्रेसाहेबांच्या खोलीत आम्ही चौघंच होतो. खोत खिडकीपाशी. मी पिशवी मांडीवर घेतली होती आणि पहिलं वाक्य मनात घोळवत होते: सर, चूक माझी आहे.

"बोला," गद्रे म्हणाले.

मी तोंड उघडणार तेवढ्यात हेमांगीच बोलली.

"सर, सांगावं की नाही मला कळत नव्हतं. विभाला वाईट वाटेल. पण प्रश्न केंद्राच्या नावाचा आहे. विभा डोक्याला एरंडेल लावते. बरीच वर्षं. तिचे केस गेलेत ना टायफॉइडमध्ये, म्हणून. टोपी न घालता बसते कधीकधी. तेच नमुन्यात आलं असणार."

गद्रेसाहेबांची नजर माझ्या डोक्यावर गेली, भांगापाशी, जिथं मी सकाळी आरशात बघून केस ओढून बसवले होते. ते लगेच दुसरीकडे बघायला लागले, पण त्यांच्या चेहऱ्यावर आलेली सुटका मला दिसली. बाईचं केसांचं तेल! किती साधं कारण! खोत खिडकीकडे तोंड करून खांदे हलवत हसत होते.

मी नकळत पदर घेतल्यासारखी ओढणी डोक्यावर ओढली. मग स्वतःचीच चीड आली आणि ती खाली टाकली. हेमांगी माझ्याकडे बघत नव्हती.

"लावते, सर," मी म्हणाले. "मला टक्कल पडलंय, म्हणून लावते. बिरनाळेबाईंनीच लावायला शिकवलं. पण माझ्या केसांचं तेल असतं तर ते त्या दिवशीच्या सगळ्या गव्हांत आलं असतं. ते एकाच खपलीत आलंय." मी कागद काढून टेबलावर ठेवले. "खपलीची पिशवी बिरनाळेबाईंनी बंद केली होती. माझा हात तिला काल पहिल्यांदा लागला, आणि पिशवी उघडताना भांडारातला माणूस समोर होता. तेल दाण्यांच्या वरून चोळलेलं आहे. आत काही नाही."

गद्रेंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

"चोळलेलं म्हणजे?"

"साठवणीच्या गव्हाला चोळतात तसं. सर, या बाईंना एवढंच विचारा, ही खपली कुठून आणली."

"जतहून," हेमांगी म्हणाली.

"कुणाच्या खळ्यावरून? नाव सांग. साहेब आत्ता फोन करतील."

तिनं नाव सांगितलं नाही. गद्रेसाहेबांनी दोनदा विचारलं. दुसऱ्या वेळी ती रडायला लागली आणि रडतरडत सगळं बोलली, पिंप, आक्का, मोकळ्या हातानं परत आलेला दौरा, सगळं. खोतांनी तिला पाणी दिलं. मी दिलं नाही.

बाहेर आले तर ती माझ्या मागोमाग व्हरांड्यात आली. डोळे पुसलेले होते, आवाजही साधा झाला होता.

"झालं समाधान?"

"हेमांगी, माझ्या केसांबद्दल बोललीस तू."

"मग काय करायला हवं होतं? शनिवारी तू घरी येऊन गेलीस. आक्कांनी सांगितलं मला तू काय काय विचारलंस ते."

म्हणजे तिला शनिवारपासून माहीत होतं. सोमवारी चहा पिताना माहीत होतं, ओढणी नीट करताना माहीत होतं.

"तू आज माझं नाव घेणारच होतीस," ती म्हणाली. "म्हणून मी आधी बोलले."

"मी नाव घेणार नव्हते," मी म्हणाले. "दाणे धुतले नाहीत ही माझी चूक, असं सांगणार होते. यंत्र सोडणार होते. तेच बोलायला तोंड उघडलं होतं मी, हेमांगी."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता तिला कळेल. आता ती खाली बसेल, नाहीतर माझा हात धरेल. माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं, कागद होते ते फक्त गव्हाचे होते.

"आता काहीही म्हण, विभा," ती म्हणाली आणि जिन्याकडे वळली.

यंत्र माझ्याकडे राहिलं. पेपरात आतल्या पानावर दोन ओळींचा खुलासा आला. हेमांगीला आधी दप्तरी कामाला बसवलं, मग वर्षभरात तिनंच नोकरी सोडली. नमुने आले की दळण्याआधी धुवायचे, हा नियम मी केला आणि निवृत्त होईपर्यंत पाळला. दुपारी डबा एकटीनं खायची सवय मात्र मला लागली नाही, म्हणून मी जेवायला घरी जायला लागले.

गेल्या वैशाखात तिच्या मुलीचं लग्न झालं. पत्रिका आली, म्हणून गेले. हेमांगी छान दिसत होती. तिनं मला हाताला धरून व्याह्यांसमोर नेलं.

"ही विभा," ती म्हणाली. "माझी जिवाची मैत्रीण. हिनंच माझी नोकरी घालवली, विचारा हवं तर!"

सगळे हसले. त्यांना वाटलं, जुन्या मैत्रिणींची थट्टा चाललीये. हेमांगीही हसत होती आणि हसता हसता तिनं माझा दंड दाबला, जणू आम्ही दोघींनी मिळून काहीतरी लपवून ठेवलं होतं. तेव्हा मला कळलं की ती मुद्दाम टोचत नव्हती. तिच्या लेखी ते तसंच घडलं होतं, आणि त्याबद्दल तिनं मला माफही करून टाकलं होतं.

मी अक्षता घेतल्या आणि पुढं जाऊन उभी राहिले.